वय कुणाच्या सोयीने?

घरी पाहुणे बसलेले असतात. महागाईची चर्चा रंगते. पंधरा वर्षांचा मुलगा मध्येच एखादी शंका विचारतो आणि 'लहान तोंडी मोठा घास नको' म्हणून त्याला गप्प केले जाते. सायंकाळी त्यानेच दळण आणायला कंटाळा केला, तर 'आता काय कुक्कुळं बाळ आहेस?' असे ऐकावे लागते. एका दिवसात त्याचे वय दोनदा बदलते. ते ठरविण्याचा अधिकार मात्र दोन्ही वेळा वडीलधाऱ्यांचाच!

ही विसंगती उंबरठ्याच्या आत थांबत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते. बालकामगार कायद्यातील २०१६ ची दुरुस्ती चौदा ते अठरा वयाच्या मुलांना फक्त धोक्याच्या उद्योगांत मज्जाव करते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा वर्षांवरील मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालविण्याची वाट खुली केली. राबण्यास आणि शिक्षेस तो मोठा. बोलण्यापुरता तेवढा लहान.

या हिशेबाचे उघडेवाघडे रूप ऊसतोडीत दिसते. मुकादमाची उचल मिळते ती 'कोयत्या'ला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला. बीडसारख्या जिल्ह्यात मुलीचे लग्न अठराच्या आत उरकण्यामागे तिच्या सुरक्षिततेच्या काळजीबरोबर हेही एक कारण आहे. तिच्या दोन हातांची किंमत ठरते. तिचे मत कोणी विचारीत नाही. सोळाव्या वर्षी मुलाला मित्र मानावे असे सांगणाऱ्या जुन्या सुभाषितातही मुलीचा उल्लेख नाहीच.

कोवळ्या वयाला संरक्षण हवे, हे निर्विवाद. परंतु संरक्षण म्हणजे ओझे कमी करणे. तोंड बंद करणे नव्हे. मुलांशी संबंधित निर्णयांत त्यांचे म्हणणे ऐकावे आणि वयानुरूप त्याला वजन द्यावे, असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने १९९२ सालीच स्वीकारला आहे.

त्याची सुरुवात कार्यकर्त्यांच्या घरापासून आणि सभेपासून व्हावयास हवी. सतरंज्या अंथरण्यास जी मुले चालतात, त्यांना त्याच सतरंजीवर बसून प्रश्न विचारता आला पाहिजे. घरात ज्यांना सतत गप्प बसविले, त्यांनी अठरा पूर्ण होताच निर्भय नागरिक व्हावे, ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?