ट्रॅक्टर गाडीवर चढवा, पण छत उतरवून!

अहिल्यानगरहून (पूर्वीच्या अहमदनगरहून) पुण्याकडे निघाले की वाटेत पारनेर तालुक्यातले सुपा लागते. जवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्क्या उगीच कुठेही उभारत नाहीत. जिथे वारा भरपूर तिथेच त्या उभारतात.

गेल्या वर्षी जून महिन्यात मी एस.टी.ने या रस्त्याने चाललो होतो. आमच्यापुढे एक ट्रेलर होता आणि त्यावर एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला उन्हासाठी बसवलेले पत्र्याचे छत तसेच होते. त्या छतावरूनच एक नाडा टाकून ट्रॅक्टर बांधलेला होता. छत सारखे थरथरत होते. सुपा मागे पडले आणि थोड्याच वेळात पत्रा एका बाजूने उचलला गेला, फाटकन सुटला आणि हवेत गिरकी घेऊन रस्त्याच्या कडेला पडला. मागून दुधाच्या किटल्या घेऊन एक मोटारसायकलस्वार येत होता. पत्रा त्याच्यापासून चार हातांवर पडला. तो वाचला, हे केवळ त्याचे दैव!

खाली उतरलेला ट्रेलरचालक म्हणाला, "हे छत पाच वर्षं शेतात टिकलं, आजच कसं उडालं?" प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर तुमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

वाऱ्याचे बल हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वारा पडलेला आहे आणि ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटर वेगाने चालला आहे. आता तोच ट्रॅक्टर ट्रेलरवर चढला. ट्रेलरचा वेग ताशी ६० किलोमीटर आणि समोरून येणारा वारा २० किलोमीटरचा. म्हणजे छताला लागणारा वारा ताशी ८० किलोमीटरचा झाला. वेग चौपट, म्हणून बल सोळापट! पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. सुप्याहून शिरूरकडे जाणारी गाडी जवळजवळ त्याच्या तोंडावरच चालते, हेही लक्षात घ्या.

आकडेच मांडू. या पठारावर हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम धरा. दीड मीटर लांब व दीड मीटर रुंद छताचे क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर होते. घनतेची निम्मी गुणिले वेगाचा वर्ग गुणिले क्षेत्रफळ, असे गणित केले तर ताशी २० किलोमीटरला सुमारे ३८ न्यूटन, म्हणजे चार किलो वजनाइतके बल येते. ताशी ८० किलोमीटरला ते सुमारे ६१० न्यूटन, म्हणजे बासष्ट किलो वजनाइतके होते. छत वाऱ्याला आडवे उभे नसते, त्यामुळे हे सारे बल त्याला उचलत नाही. किती भाग उचलतो, ते छताच्या आकारावर आणि कलावर अवलंबून असते. पण अर्धा भाग धरला तरी तीस किलोचा हिसका झाला, आणि तोही स्थिर नव्हे, खड्ड्याखड्ड्याला कमीजास्त होणारा. अशा हिसक्यांनी बोल्ट सैल होतात, पत्र्याला भोकापाशी चीर जाते. शेतात पाच वर्षे टिकलेले छत रस्त्यावर तासाभरात सुटते ते यामुळे.

दुसरी गोष्ट बांधणीची. "दोन टनांचा ट्रॅक्टर जातो कुठे?" असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण वजन जितके जास्त तितके जडत्वही जास्त. ताशी ६० किलोमीटरने जाणारा ट्रेलर २८ मीटरांत थांबला, तर ट्रॅक्टरला थांबवायला १०,००० न्यूटन बल लागते. ते म्हणजे सुमारे एक टन वजनाइतके झाले. टायरला ओला चिखल असेल तर घर्षण यातला थोडाच भाग पुरवते. उरलेले बल साखळ्यांनी दिले पाहिजे. छताच्या पोकळ नळ्यांवरून टाकलेला नाडा ते कसे देणार? नळ्या वाकतात, नाडा ढिला पडतो आणि बांधणी नावापुरती उरते. म्हणून भक्कम साखळ्या चारही कोपऱ्यांत, दोन पुढे ओढणाऱ्या व दोन मागे ओढणाऱ्या, ट्रॅक्टरच्या आसासारख्या मजबूत भागाला बांधाव्यात. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून त्या पुन्हा ताणाव्यात, कारण धक्क्यांनी टायर दबतात आणि साखळ्या सैलावतात.

तिसरी गोष्ट उंचीची. ट्रेलरचा तळ जमिनीपासून एक मीटर आणि छतासह ट्रॅक्टर अडीच मीटर असेल, तर एकूण उंची साडेतीन मीटर होते. गावातल्या लोंबत्या विजेच्या तारा आणि रेल्वेखालचे पूल यांना हा हिशेब कळत नाही. तो आपणच आधी टेप लावून करायचा असतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. ट्रॅक्टर गाडीवर चढवण्याआधी छत उतरवावे, आडवे ठेवावे आणि वेगळे बांधावे. "अर्धा तास जातो" ही तक्रार खरी आहे, पण त्या अर्ध्या तासाची किंमत मागून येणाऱ्या दूधवाल्याने का मोजावी? काही ट्रॅक्टरांचे छत उलटण्यापासून वाचवणाऱ्या पोलादी सांगाड्यावर पक्के बसवलेले असते, ते काढता येत नाही. तिथे प्रत्येक बोल्ट तपासावा, पत्रा खाली आवळावा आणि वेग कमी ठेवावा. वेग ८० वरून ४० वर आला तर वाऱ्याचे बल चौथाईवर येते, हे विसरू नका.

शिक्षकांना एक विनंती. जडत्व शिकवताना चेंडू आणि आगगाडी ही उदाहरणे ठीक आहेत, पण एकदा वर्गात चाकांची फळी आणा. तिच्यावर एक जड डबा ठेवा, फळी ओढून एकदम अडवा. मग डबा फक्त मागून दोऱ्याने बांधा, नंतर चारही बाजूंनी बांधा, आणि प्रत्येक वेळी काय होते ते मुलांकडून लिहून घ्या.

वारा अति झाला की आधुनिक पवनचक्की आपली पाती वळवून वाऱ्याच्या मारातून बाजूला काढते. ते यंत्र बनवणाऱ्याने वाऱ्याशी झुंजण्यापेक्षा वाट सोडणे शहाणपणाचे मानले. तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, तर पुढच्या वेळी तो गाडीवर चढताना पान्हा घेऊन तुम्हीच पुढे व्हा, आणि वडिलांना वर्गाचे हे गणित करून दाखवा.