चाळिशीची बेरीज

आपल्या भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. वयाची चाळीस वर्षे भरली तरी चाळिशी आणि नाकावर वाचायचा चष्मा आला तरी चाळिशीच! वर्गात मी हे हसत सांगत असे. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र हसू आले नाही. दूरचे दिसावे म्हणून माझा उणे 2 चा चष्मा जुनाच. यंदा उत्तरपत्रिकांतली अक्षरे पुसट होऊ लागली, तरी मी दोष देत होतो तो वाशिमच्या विजेला आणि पोरांच्या शाईला.

दिवाळीच्या आवराआवरीत कै. अण्णांचा चष्मा सापडला. घरात घडी घातलेले एक पत्रही होते. “आधी डोळे तपासून ये, मग वाच,” आई म्हणाली. मी अण्णांचा चष्मा माझ्या चष्म्यावरच चढवला आणि उत्तरपत्रिका लख्ख दिसू लागली!

“बाबा, आता दोन्ही काढा बघू,” अकरावीतली कन्या म्हणाली. काढले, अक्षरे तशीच लख्ख. “आजोबांचा नंबर अधिक 2, तुमचा उणे 2. बेरीज शून्य! तुम्ही नुसती काच लावली होती.”

मग ती आम्हाला गच्चीवर घेऊन गेली. अण्णांच्या भिंगाने उन्हाची टिकली पुठ्ठ्यावर 50 सेंटिमीटरवर पडली. आईचाही नंबर तोच, अंतरही तेच. “दोन्ही भिंगे एकत्र धरली तर?”

“शंभर,” मी म्हणालो.

टिकली पडली जवळजवळ 25 वर. बेरीज अंतरांची नसते, शक्तींची असते. 100 ला सेंटिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागले की भिंगाची शक्ती मिळते. 2 आणि 2 मिळून 4. म्हणून अंतर 25. मात्र भिंगे पातळ आणि एकमेकांना खेटून हवीत. मधे अंतर पडले की हिशेब बदलतो.

“खेटून राहिले की जोर वाढतो, एवढेच ना?” आई म्हणाली. “त्याला अकरावी कशाला हवी?”

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने माझ्या उणे 2 पुढे अधिक दीडचे भिंग सरकवले. नव्या चष्म्यात वर उणे 2, खाली उणे अर्धा.

त्यातून पहिले वाचले ते अण्णांचे पत्र. आई कारंज्याला माहेरी असताना लिहिलेले. शेवटी बारीक अक्षरांत होते : ‘चाळिशी लागली आहे. शाळेत कुणाला कळू दिलेले नाही.’