अर्धी लादी

गेल्या पावसाळ्यात मी एका दिवशी पाच पाव फेकून दिले. हे वाक्य लिहितानादेखील चोरी कबूल केल्यासारखे वाटते आहे. लादी सहा पावांची. त्यातला एक खाल्ला. दुसऱ्या दिवशी कॉलेजात परीक्षेचे काम निघाले, तिसऱ्या दिवशी एका मैत्रिणीकडे जेवण झाले, आणि चौथ्या दिवशी पिशवी उघडून पाहते तो काय, पावांवर हिरवी मखमल चढलेली!

आमच्या घरात अन्न टाकण्याची चाल नव्हती. आई होती तोवर रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा व्हायचा, उरलेल्या आमटीत पीठ भिजवून थालीपीठ लागायचे. मला तो तिचा काटकसरी स्वभाव वाटे. गेल्या वर्षी श्रावणात ती गेली, आणि घरात मी एकटी उरले. मग कळले की त्या काटकसरीलाही निदान दोन माणसे लागतात. एकीने उरवायचे आणि दुसरीने म्हणायचे, "अगं, एवढं संपवून टाक." मला आता असे म्हणणारे कोणी नाही. मग मी सारे फ्रीजमध्ये ढकलते. एकट्या माणसाचा फ्रीज म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याचे कपाट, हे माझे अनुभवाचे बोल आहेत.

पावांची ही कथा मी शिक्षकांच्या खोलीत सांगितली, तेव्हा रसायनशास्त्राच्या बाई हसल्या. "तुम्ही फ्रीजमध्ये ठेवायला लागाल, तर बुरशी उशिरा येईल, पण पाव लवकर चिवट होईल," त्या म्हणाल्या. पाव शिळा होतो तो केवळ वाळून नव्हे. भाजताना फुगलेला त्यातला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा घट्ट रचला जातो, आणि ही क्रिया फ्रीजच्या गारव्यात सर्वांत वेगाने होते. बर्फाच्या कप्प्यात मात्र, म्हणजे उणे १८ अंशांच्या आसपास, ती जवळजवळ थांबते. म्हणून एक-दोन दिवसांचा पाव बाहेर डब्यात ठेवावा आणि उरलेला आणल्या दिवशीच दोन-दोन करून, पिशवीतली हवा दाबून काढून, बर्फाच्या कप्प्यात टाकावा. लागेल तेव्हा तो तसाच तव्यावर ठेवून वर झाकण घालावे. उष्णतेने स्टार्च पुन्हा सैल होतो आणि पाव मऊ येतो. बुरशी आलीच, तर तेवढा तुकडा काढून बाकीचा खाण्याचा लोभ धरू नये. तिचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

भाताबद्दल त्यांनी मला चांगलेच दटावले. आईचा फोडणीचा भात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचा असे. पण काही जंतूंचे बीज भात शिजतानाही मरत नाही. कोमट भातात ते वाढते आणि असे विष सोडते, की मागाहून फोडणी दिली तरी ते जात नाही. तेव्हा भात पसरट भांड्यात लवकर निववावा, तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. कोथिंबीर न धुता, मुळे काढून, कागदात गुंडाळून डब्यात ठेवावी. मिरच्यांचे देठ काढावेत. कांदे-बटाट्यांना एका टोपलीत नांदवू नये. आमटी वाटीवाटीने गोठवावी आणि डब्यावर तारखेची चिठ्ठी लावावी.

हे सारे मी शिकले. तरीही महिन्याभराने पाहिले, तर बर्फाचा कप्पा पावांनी गच्च भरलेला! साठवण उत्तम चालली होती, पण खाणारी एकच होते.

आई मूळची म्हापशाची. तिच्या लहानपणी पोदेर दारावर येई, गरम पाव देऊन जाई. पाव साठवण्याची गोष्टच त्या घरात नव्हती. लग्नानंतर मुंबईत आली तरी संध्याकाळच्या चहात बुडवायला तिला पाव लागे. कॉलेजातून परतताना मी कोपऱ्यावरच्या बेकरीतून लादी आणत असे. ती गेल्यावरही आणतच राहिले. बेकरीवाला विचारी, "नेहमीचीच ना, ताई?" आणि मी मान हलवी. बाजार एकट्या माणसासाठी नाही, अशी तक्रार मी वर्षभर करत होते. पण त्या बाजारात मी कधी कमी मागितलेच नव्हते. कमी मागायचे, म्हणजे घरी कोणी नाही हे दुकानाच्या पायरीवर उभे राहून बोलायचे.

गणपती झाल्यावर एके संध्याकाळी त्याने नेहमीप्रमाणे विचारले. मी म्हटले, "अर्धी द्या." त्याने लादी मधोमध मोडली, तीन पाव कागदात बांधले आणि सुटे पैसे परत दिले. त्याने काही विचारले नाही. त्या आठवड्यात माझ्या घरी एकही पाव वाया गेला नाही. संध्याकाळी चहात पाव बुडवला, तेव्हा मात्र घास जरा अडला.

आता दिवाळी आली. शेजारच्या चार घरांतून फराळाची ताटे येतील. ओल्या नारळाच्या करंज्या पहिल्या दोन दिवसांत संपवायच्या. बेसनाचे लाडू आणि चिवडा घट्ट झाकणाच्या डब्यात थांबू शकतात. माझ्या पोटाबाहेरचे असेल ते मी कॉलेजच्या शिपायांच्या खोलीत पहिल्याच दिवशी नेऊन ठेवणार आहे. मऊ पडल्यावर कोणाला देणे बरे नव्हे.

राहता राहिली ती ताटे. ती रिकामी परत पाठवायची नाहीत, हा आईचा नियम. म्हणून शंकरपाळे करणार आहे. तिच्या मापाने केले की चार घरांना पुरून वर मूठभर उरतात. वर्षभर जे माप मला जड झाले होते, ते दिवाळीपुरते तसेच राहू देते.