एका नांवाचे तीन भुंगे

‘भुंगा’ हें नांव आपल्या भाषेंत फार जुनें आहे. परंतु तें एकाच प्राण्याचें नाहीं. नारळाचा बागाईतदार ज्याच्या नांवानें बोटें मोडतो, तो गेंड्या अथवा सोंड्या भुंगा होय. वांग्याच्या मळ्यांत गुणगुणत येणाऱ्या काळ्या, केसाळ प्राण्यासही लोक भुंगाच म्हणतात. आणि इंग्रजी पुस्तकांतील बंबलबीचें भाषांतर करणारेही ‘भुंगा’ असेंच लिहून मोकळे होतात. या घोटाळ्यापायीं वैऱ्याऐवजीं मित्र मारला जातो, असें आमचें मत आहे.

महसुली कारकुनींत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. एका गांवांत एकाच नांवाचे दोन खातेदार असले म्हणजे बापाचें नांव व आडनांव पाहिल्याखेरीज फेरफार लिहीत नसत. नाहीं तर एकाची जमीन दुसऱ्याच्या खातीं जावयाची. प्राण्यांच्या बाबतींत हीच शिस्त लिनीअस या स्वीडिश पंडितानें इ. स. १७५८ मध्यें घालून दिली. प्रत्येक जातीस दोन शब्दांचें नांव. पहिला शब्द आडनांवासारखा वंशाचा, दुसरा त्या जातीचा. पुढें लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८०२ सालीं बंबलबीस ‘बाँबस’ म्हणजे गुंजारव, व आपल्या काळ्या भुंग्यास ‘झायलोकोपा’ म्हणजे लाकूडतोड्या, अशीं निराळीं वंशनामें दिलीं.

बंबलबीच्या जगांत सुमारें अडीचशें जाति आहेत. भारतांतील जवळजवळ पन्नास जाति हिमालयांत व ईशान्येकडील डोंगरांत राहतात. दाट लोकरीसारख्या केसांचा हा थंड हवेचा प्राणी. दख्खन व कोंकण येथें त्याची मूळची वस्ती नाहीं. तेव्हां ठाणें-कल्याणकडे कोणी बंबलबी पाहिल्याचें सांगितलें, तर तो झायलोकोपाच समजावा. आपला भ्रमर कोण, हें ज्ञानेश्वरीवरूनही ठरतें. तिच्या पहिल्या अध्यायांत कोरडें लाकूड भेदणारा भ्रमर कोंवळ्या कळींत अडकतो, असा दृष्टांत आहे. बंबलबी लाकूड पोखरीत नाहीं. ती बहुधा उंदरांच्या जुन्या बिळांत घर करते. म्हणजे आपला भ्रमर तो हा सुतार-भुंगाच.

त्याच्यांतही जाति पुष्कळ आहेत. प्युबेसेन्स नांवाच्या जातींत मादी काळी व पाठीवर पिंवळी, तर नर सर्वांगानें पिंवळा असतो. म्हणून लोक त्यांस दोन जाति समजतात. नरास डंख नाहीं. मादीस आहे, पण छेडल्यावांचून ती मारीत नाहीं.

आतां त्याचा उपयोग पाहूं. वांग्याच्या फुलाचा पराग परागकोशाच्या टोकावरील बारीक भोकांतूनच बाहेर पडतो. सातेरी मधमाशीस तो झाडून काढतां येत नाहीं. सुतार-भुंगा फूल घट्ट धरून अंग थरथरवितो, आणि चाळणींतून पीठ गळावें तसा पराग खालीं पडतो. बेल्जम व हॉलंड येथें १९८७ च्या सुमारापासून काचगृहांतील टोमॅटोसाठीं बंबलबीच्या वसाहती विकत आणून ठेवतात. आपल्या मळ्यांत तेंच काम फुकट होत आहे. तूर, ताग यांच्या फुलांवरही हा येतो.

कोणी म्हणेल, हा घराचे वासे व मांडवाचे बांबू पोखरतो. खरें आहे, परंतु तो लाकूड खात नाहीं, अंडीं घालण्यापुरता बोगदा कोरतो. घराच्या लाकडास तेलरंग द्यावा, आणि बांधावर एखादा वठलेला ओंडका व सुके बांबू राहूं द्यावे. कल्याण-शीळ रस्त्यालगतचीं शेतें जाऊन इमारती झाल्या. बांधांबरोबर वठलेलीं झाडेंही गेलीं. राहिलेल्या शेतांत तरी त्यास घर उरलें पाहिजे. फुलोऱ्यांतील पिकावर औषध मारणें भागच असेल, तर तें सूर्यास्तानंतर मारावें.

ओळख सोपी आहे. पाठीवर कठीण कवच असून उडावयाचे पंख त्याखालीं दडलेले असले, तर तो नारळाचा वैरी. त्यांत डोक्यावर शिंग तो गेंड्या, लांब सोंड व तांबूस रंग तो सोंड्या. गेंड्याची पैदास शेणखताच्या खड्ड्यांत होते, म्हणून खड्डा वरचेवर उलथून अळ्या माराव्या. पंख उघडे, पातळ व चकाकणारे, आणि पाय केसाळ असले, तर तो सुतार-भुंगा; त्यास हात लावूं नये.

आमची सूचना एवढीच कीं, सभासदांनीं गांवोगांव एक साधी वही ठेवावी. कोणता भुंगा, कोणत्या महिन्यांत, कोणत्या पिकावर, त्याचें घर कोठें, आणि गांवांत त्यास काय म्हणतात, इतकें लिहावें. ई-पीक पाहणीसाठीं आतां खातेदारास स्वतः शेतावर जावेंच लागतें; त्याच फेरींत ही नोंद होईल. आणि संपादकांनीं यापुढें नुसतें ‘भुंगा’ असें न छापतां गेंड्या, सोंड्या कीं सुतार, हें स्पष्ट लिहावें. म्हणजे फवारणीचा पंप कोणावर चालवावयाचा, याविषयीं शेतकऱ्याच्या मनांत संशय राहणार नाहीं.