क्लाउझेवित्सच्या डोक्यावरचं खापर

युद्धशास्त्राची चर्चा निघाली की एक वाटणी ठरलेली असते. चीनचा सन त्झू शहाणा, न लढता जिंकायला शिकवणारा. प्रशियाचा क्लाउझेवित्स म्हणजे रक्ताचे पाट. ही समजूत रूढ करण्यात ब्रिटिश लेखक लिडेल हार्टचा मोठा हात आहे. पहिल्या महायुद्धातला संहार त्याने स्वतः पाहिला होता आणि त्याचं खापर क्लाउझेवित्सच्या डोक्यावर फोडलं. त्याचा संताप समजतो, निवाडा पटत नाही.

क्लाउझेवित्सचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ पासून, पत्नी मारीने प्रसिद्ध केला. त्यातलं पहिलं प्रकरण तेवढं त्याच्या मनासारखं पुरं झालेलं होतं. तिथेच तो बजावतो की अमर्याद हिंसा ही विचारातली टोकाची अवस्था आहे. प्रत्यक्षात युद्धाची दोरी राजकारणाच्या हाती असते, असलीच पाहिजे. ग्रंथातला सर्वांत मोठा भाग बचावावर आहे. बचाव हा चढाईपेक्षा बळकट, असं तो ठामपणे मांडतो. हा रक्तपिपासू माणूस?

आणि सन त्झू काही अहिंसेचा पुजारी नव्हे. त्याच्या तेरा प्रकरणांपैकी एक सबंध प्रकरण आगीच्या हल्ल्यावर आहे. लांबलेली मोहीम राज्याची तिजोरी रिकामी करते, हे त्याला पक्कं कळलं होतं. लढाई टाळण्यामागे तो हिशेब आहे.

दोघांचं खरं वाजतं ते बातमीवरून. सन त्झूचं शेवटचं प्रकरण हेरांचं: पाच प्रकारचे हेर नेमा, शत्रूचा बेत आधीच कळेल. क्लाउझेवित्स म्हणतो, रणांगणावर येणाऱ्या बहुतेक बातम्या खोट्या किंवा एकमेकींना छेद देणाऱ्या असतात. इथे मी निःसंशय क्लाउझेवित्सच्या बाजूचा आहे, कारण हे त्याने स्वतः अनुभवलेलं होतं. ७ सप्टेंबर १८१२ रोजी बोरोदिनोच्या लढाईत तो नेपोलियनविरुद्ध, रशियाच्या बाजूने, सेनानी उवारोव्हच्या घोडदळाबरोबर होता. रशियन भाषा येत नसताना. या घोडदळाने फ्रेंचांच्या डाव्या बगलेवर धाव घेतली आणि फारसं काही हाती न लागता ते मागे फिरलं. पण पलीकडे, इकडच्यांना कळत नसताना, नेपोलियन चपापला, स्वतः पाहायला गेला, आणि त्याचा मोठा हल्ला सुमारे दोन तास लांबला.

सन त्झूचे कैवारी म्हणतील, हेर कच्चे होते. पण ही दोन तासांची चालढकल त्या सकाळी नेपोलियनच्याच मनात नव्हती. ती कोणत्या हेराने आदल्या रात्री रशियन सरसेनापती कुतुझोव्हच्या तंबूत पोचवायची होती?