डोलवी, नागोठणे आणि दोन घरांतले भाऊ

पेण तालुक्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्याचं नाव 2010 पर्यंत इस्पात होतं. मालक प्रमोद आणि विनोद मित्तल. कर्ज इतकं वाढलं की त्याची पुनर्रचना करावी लागली, आणि शेवटी डिसेंबर 2010 मध्ये सज्जन जिंदाल यांच्या जेएसडब्ल्यूने ताबा घेतला. प्रमोद यांचे थोरले भाऊ लक्ष्मी मित्तल मात्र 1994 मध्ये परदेशातला धंदा घेऊन वेगळे झाले होते, ते जगातले मोठे पोलादवाले झाले. प्रमोद यांना 2020 मध्ये लंडनच्या कोर्टाने दिवाळखोर ठरवलं. कारण? बोस्नियातल्या एका कारखान्याच्या कर्जाला ते जामीन राहिले होते.

आता रोहा तालुक्यात या. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना रिलायन्सचा, म्हणजे मुकेश अंबानींचा. जून 2020 मध्ये त्यांनी कंपनी निव्वळ कर्जमुक्त झाल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत धाकटे अनिल चिनी बँकांच्या खटल्यात लंडनच्या कोर्टाला सांगत होते की आपली मालमत्ता शून्य आहे.

कंपनी किती कर्ज काढणार हे फक्त हिशेबावर ठरत नाही, मालकाच्या स्वभावावरही ठरतं, असं अमेरिकेतले अभ्यासक म्हणतात. 2011 च्या एका अभ्यासात दिसलं की 1930 च्या मंदीत लहानपण काढलेले साहेब कर्जाला बिचकतात. 2012 च्या दुसऱ्या अभ्यासात, ज्यांच्या स्वतःच्या घरावर मोठं कर्ज, त्यांच्या कंपन्यांवरही कर्ज जास्त. आपल्या घरातही हे दिसतंच, सावकाराचा दारात उभा राहिलेला माणूस ज्याने लहानपणी पाहिला, तो हप्त्यावर फ्रिज घ्यायलाही दहादा विचार करतो.

पण मग एकाच आईबापाची मुलं इतकी वेगळी कशी? आम्हांला वाटतं, बालपणाइतकाच पाठीशी कोण आहे याचाही हिशेब असतो. 2019 मध्ये अनिल यांच्यावर तुरुंगाची वेळ आली तेव्हा एरिक्सनचं देणं मुकेश यांच्या मदतीने फिटलं. त्याच वर्षी लक्ष्मी यांनीही प्रमोद यांचं मोठं देणं चुकवायला हात दिला. थोरला भाऊ सगळ्यांनाच नसतो. डोलवीच्या गेटवर माल उतरवणाऱ्या छोट्या ठेकेदाराचं बिल थकलं तर त्याला बायकोचे दागिनेच दिसतात.

बँकांनी वैयक्तिक जामीन हा कागदापुरता धरू नये म्हणून 1 डिसेंबर 2019 पासून दिवाळखोरी कायदा कंपन्यांच्या जामीनदारांनाही लागू झाला, आणि मे 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. आता कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहणाऱ्या संचालकाचं घरही त्यात येऊ शकतं.