नोट म्हणजे नुसता मजकूर नाही: नोट्स अ‍ॅपमधला एक्सएसएसचा धोका

गेल्या वर्षी चाकणमधल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही शिफ्ट बदलतानाच्या नोंदींसाठी डेस्कटॉप अ‍ॅप बसवलं. कोड माझा होता. एका रात्री दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरने नोंद केली, की शाफ्टचा ओडी किमान मापापेक्षा कमी आला तर पीस रिजेक्ट करा. बरेच जण करतात तसं त्यानेही मराठी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. 'पेक्षा कमी'साठी '<' ही खूण टाकली आणि तिला चिकटून 'मिन' लिहिलं. तिसऱ्या पाळीला स्क्रीनवर फक्त 'ओडी' एवढंच दिसलं. पुढचं सगळं गायब! सकाळी पॅक झालेल्या पेट्या उघडून एकेक पीस पुन्हा मोजावा लागला.

"साहेब, मी पूर्ण लिहिलं होतं," तो म्हणाला. खरंच होतं ते. डेटाबेसमध्ये नोंद पूर्ण होती. चूक माझी होती.

नक्की काय झालं?

ते अ‍ॅप आतून एक ब्राउझरच होतं. ब्राउझरला '<' नंतर लगेच इंग्रजी अक्षर दिसलं, की तो समजतो इथे एचटीएमएलचा टॅग सुरू झाला. मी नोंद जशीच्या तशी ब्राउझरच्या हातात दिली आणि त्याने अर्धं वाक्य टॅग समजून गिळून टाकलं.

घरी जाताना डोक्यात एकच प्रश्न होता. साधी सूचना टॅग म्हणून वाचली जात असेल, तर कुणी मुद्दाम खराखुरा टॅग लिहिला तर? समजा, नोंदीत एक चित्र टाकलं आणि सोबत सांगितलं, 'चित्र सापडलं नाही तर ही जावास्क्रिप्ट चालव.' चित्र मुळात नसतंच. नोंद उघडताच स्क्रिप्ट चालते.

यालाच म्हणतात क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, थोडक्यात एक्सएसएस. कारखान्याच्या भाषेत सांगतो. जॉब कार्डवर 'शेरा' असा रकाना असतो. तिथे कुणी 'लाइन बंद करा' असं लिहिलं आणि वाचणाऱ्याने तो वरून आलेला हुकूम समजून खरंच लाइन बंद केली, तर? एक्सएसएसमध्ये हेच होतं. मजकूर हुकूम बनतो.

डेस्कटॉपवर धोका मोठा का?

वेबसाइट्सना हा त्रास जुना आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये मायस्पेसवर 'सॅमी' नावाचा वर्म याच वाटेने साधारण २० तासांत १० लाखांहून जास्त प्रोफाइलमध्ये पसरला होता. पण वेबसाइटवरची स्क्रिप्ट ब्राउझरच्या कुंपणात असते. तुमच्या डी ड्राइव्हवरची ड्रॉइंग्ज तिला सहसा वाचता येत नाहीत.

आजची बरीच डेस्कटॉप अ‍ॅप्स इलेक्ट्रॉन किंवा तशाच तंत्रावर बनतात. म्हणजे आत ब्राउझर आणि जोडीला नोड जेएस. नोड जेएसला फाइल वाचता येते, लिहिता येते, दुसरा प्रोग्रॅम सुरू करता येतो. हे अधिकार स्क्रीन दाखवणाऱ्या भागाला मिळाले, की कुंपण संपलं. मग एक्सएसएस म्हणजे थेट तुमच्या कॉम्प्युटरवर हुकूमत.

माझ्या अ‍ॅपमध्ये मी नेमकं तेच केलं होतं. डिजिटल गेजचं रीडिंग थेट घ्यायचं होतं, काम लवकर संपवायचं होतं, म्हणून स्क्रीनलाच सगळे अधिकार दिले.

नामांकित अ‍ॅप्सही सुटली नाहीत

२०१८ मध्ये विंडोजवरच्या एव्हरनोट ६.१५ मध्ये अशी त्रुटी सापडली. घातक नोट प्रेझेंट मोडमध्ये उघडली, की हल्लेखोराला फाइल वाचता येत होत्या आणि कमांडही चालवता येत होती. या त्रुटीच्या अधिकृत नोंदीत ती 'नीट दुरुस्त न झालेली' जुनी त्रुटी असल्याचं म्हटलं आहे.

जॉपलिन या ओपन सोर्स अ‍ॅपचा इतिहास तर अभ्यासण्यासारखा आहे. २०२० मध्ये आधी एम्बेड टॅगमधून आणि नंतर १.२.६ आवृत्तीत लिंक टॅगमधून स्क्रिप्ट घुसवता येते असं दिसलं. २०२२ मध्ये २.८.८ आवृत्तीत चक्क नोटच्या शीर्षकातून कमांड चालवता येत होती. २०२३ मध्ये ऑब्सिडियनच्या १.२.८ आधीच्या आवृत्त्यांत याच्या जवळची, फाइलच्या मार्गाशी संबंधित त्रुटी निघाली. बाहेरून आलेली घातक मार्कडाउन फाइल उघडली, तर कॉम्प्युटरमधल्या फाइल बाहेर पाठवता येत होत्या.

या सगळ्यावर दुरुस्त्या आल्या आहेत, त्यामुळे ही अ‍ॅप्स वाईट आहेत असा अर्थ काढू नका. पण एक दार बंद केलं की दुसरं उघडं सापडतं, हे लक्षात घ्या. धोकादायक टॅगची यादी करून गाळत बसणं पुरत नाही. स्क्रीनचे अधिकारच काढून घ्यावे लागतात. इलेक्ट्रॉननेही तेच केलं. २०१९ च्या आवृत्ती ५ पासून स्क्रीनला नोडचे अधिकार आपोआप मिळत नाहीत आणि २०२१ च्या आवृत्ती १२ पासून पानाचा कोड अ‍ॅपच्या आतल्या कोडपासून वेगळा ठेवला जातो. मात्र डेव्हलपर या दोन्ही सोयी हाताने बंद करू शकतो. मी केल्या होत्याच की!

भोसरी-चाकणला याचं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये सायबर हल्ल्यामुळे जग्वार लँड रोव्हरचं उत्पादन ठप्प झालं आणि ऑक्टोबरमध्ये टप्प्याटप्प्याने सुरू झालं. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरच्या अंदाजानुसार नुकसान १.९ अब्ज पौंडांचं आणि फटका ५,००० हून जास्त संस्थांना. त्यात सुटे भाग पुरवणारे छोटे कारखानेही होते. त्या हल्ल्याचा नोट्स अ‍ॅपशी संबंध होता असं मी म्हणत नाही. पण ही कंपनी टाटा समूहाची आहे आणि टाटा मोटर्सचा मोठा कारखाना आपल्या पिंपरीत आहे. मोठ्या गाडीची लाइन थांबली की छोट्या व्हेंडरचं काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

आता आपल्या व्हेंडरकडचं चित्र बघा. वेगळा आयटी विभाग नाही. एकाच पीसीवर ड्रॉइंग, बिलं, ग्राहक कंपनीच्या पोर्टलचा पासवर्ड आणि हे सगळं लिहून ठेवलेलं नोट्स अ‍ॅप. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी तो पीसी चालूच. 'नोटच तर आहे' म्हणून बाहेरून आलेली फाइल बिनधास्त उघडायची. अनोळखी ईएक्सई फाइलला आपण घाबरतो, नोटला नाही. हल्लेखोराला हाच भरवसा हवा असतो.

मग करायचं काय?

• नोट्स अ‍ॅप अपडेट ठेवा. ऑटो अपडेट बंद केलं असेल तर आजच चालू करा.
• बाहेरून आलेली नोट किंवा मार्कडाउन फाइल आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघा.
• पासवर्ड नोटमध्ये ठेवू नका. पासवर्ड मॅनेजर वापरा.
• गरज नसलेले प्लगइन काढून टाका.
• गडबड झालीच तर लपवू नका. सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं बंधनकारक आहे.

डेव्हलपर मित्रांनो, मजकूर साठवताना गाळला तरी दाखवताना पुन्हा निर्धोक करा, कारण जुन्या नोंदी डेटाबेसमध्ये तशाच पडून असतात. स्क्रीनला नोडचे अधिकार देऊ नका.

मी माझं अ‍ॅप दोन दिवसांत बदललं. गेजचं काम वेगळ्या प्रोसेसकडे दिलं आणि नोंद फक्त मजकूर म्हणूनच दाखवली. मग त्याच ऑपरेटरला तीच ओळ पुन्हा टाइप करायला सांगितली. या वेळी 'रिजेक्ट'पर्यंत पूर्ण दिसली.